ब्लॅक माउंटन महाविद्यालयातील उन्हाळी सत्रे : व्याख्यान, मैफल, नाटक आणि श्रोत्याची जागा

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या आवारात सुटीच्या दिवसांत होणारी व्याख्याने, मैफली आणि नाट्यप्रयोग हा समीक्षेचा विषय सहसा मानला जात नाही. अशा उपक्रमांची नोंद वार्षिक अहवालात होते, वृत्तपत्रात एखादे छायाचित्र येते आणि विषय तेथेच संपतो. कलाकृतीचा विचार करताना ती कोणत्या सभागृहात, कोणत्या ऋतूत, कोणासमोर सादर झाली हे प्रश्न गौण ठरवले जातात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ब्लॅक माउंटन महाविद्यालयाच्या उन्हाळी सत्रांनी मात्र विसाव्या शतकाच्या कलेतिहासात असे स्थान मिळवले आहे की, त्यांच्याकडे केवळ सुटीतील कार्यक्रम म्हणून पाहता येत नाही. १९४४ ते १९५२ या काळातील तीन-चार उन्हाळ्यांत त्या आवारात काय घडले आणि त्याचे मूल्यमापन आज कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ब्लॅक माउंटन महाविद्यालयाची स्थापना १९३३ मध्ये झाली. फ्लॉरिडातील रोलिन्स महाविद्यालयातून काढून टाकण्यात आलेले अध्यापक जॉन अँड्रू राइस हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते. बाहेरचे विश्वस्त मंडळ न नेमता संस्था अध्यापकांच्या मालकीची ठेवण्यात आली. अभ्यासाबरोबर शेतीत आणि बांधकामात अंगमेहनत करणे हा जीवनक्रमाचा भाग होता. जर्मनीत नाझी राजवटीमुळे बाऊहाउस बंद पडल्यानंतर तेथील चित्रकार जोसेफ आल्बर्स आणि विणकर-कलावंत अॅनी आल्बर्स हे दांपत्य त्याच वर्षी येथे आले. १९४१ मध्ये महाविद्यालय लेक ईडन या तलावाकाठच्या आवारात गेले. तेथील अभ्यासिकांची इमारत विद्यार्थी आणि अध्यापक यांनी स्वतः बांधली. या संस्थेला शासकीय अधिमान्यता कधीच मिळाली नाही. सुमारे चोवीस वर्षांच्या आयुष्यात तिने जेमतेम १२०० विद्यार्थी पाहिले आणि १९५७ मध्ये ती कायमची बंद झाली. आजच्या मूल्यांकनाच्या निकषांवर ती पहिल्याच फेरीत बाद ठरली असती.

या संस्थेवरील लेखन विपुल आहे. मार्टिन ड्युबरमन यांचा १९७२ चा इतिहासग्रंथ आणि मेरी एमा हॅरिस यांचा १९८७ चा कलाविषयक ग्रंथ हे त्यातील दोन आधारस्तंभ होत. या लेखनातून जी कथा रूढ झाली तिचा कळस १९५२ च्या उन्हाळ्यातील एका अनामिक प्रयोगावर चढवला जातो. हा प्रयोग पुढे 'थिएटर पीस क्रमांक एक' या नावाने ओळखला गेला आणि 'हॅपनिंग' या कलाप्रकाराचा तो आद्य नमुना मानला जातो. त्याआधीचे उन्हाळे या कथेत पूर्वतयारीचे ठरतात. ही मांडणी तपासून पाहण्याची गरज आहे. व्याख्यान, मैफल आणि नाटक यांचा परस्परसंबंध सर्वाधिक अर्थपूर्ण झाला तो १९४८ मध्ये. १९५२ मध्ये त्या तिन्हींमधील भिंती पाडण्यात आल्या आणि त्याबरोबर श्रोत्याच्या हातून एक महत्त्वाचा अधिकारही निसटला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१९४४ आणि १९४५ : कोण कोठे बसणार

उन्हाळी कला व संगीत सत्रांना १९४४ मध्ये आरंभ झाला. त्यामागे आर्थिक निकड होती हे मान्य केले पाहिजे. युद्धामुळे विद्यार्थिसंख्या रोडावली होती, आणि नामवंत पाहुण्या अध्यापकांना अल्प मानधनावर, निवास-भोजनाची सोय करून बोलावल्यास बाहेरचे विद्यार्थी शुल्क भरून येतील हा हिशेब सरळ होता. त्या उन्हाळ्यात संगीताचे सत्र अर्नॉल्ड शोएनबर्ग यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने योजले गेले. त्याचे सूत्रधार हाइनरिख यालोवेट्झ हे शोएनबर्ग यांचे जुने शिष्य होते. युरोपातून निर्वासित होऊन आलेले रुडॉल्फ कोलिश, एडुआर्ड श्टॉयरमन, एर्न्स्ट क्रेनेक यांसारखे वादक आणि रचनाकार एकत्र आले. स्वतः शोएनबर्ग येऊ शकले नाहीत. ज्याचा उत्सव तोच अनुपस्थित, असा तो प्रकार झाला. तरीही मध्य युरोपातील नवसंगीताची एक संपूर्ण परंपरा दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या डोंगराळ भागात, भोजनगृह आणि साध्या लाकडी खोल्या यांच्या आश्रयाने काही आठवडे नांदली.

त्या उन्हाळ्याचे खरे महत्त्व मात्र संगीताइतकेच प्रवेशाच्या यादीत आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा की नाही यावर अध्यापकांत त्या वर्षी तीव्र वाद झाला. भोवतालच्या समाजात वर्णभेदाचे कायदे आणि रूढी यांचा अंमल होता. हल्ला होईल, संस्था बंद पाडली जाईल अशी भीती व्यक्त झाली. अखेर तडजोड निघाली ती अशी की, नियमित वर्षासाठी निर्णय लांबणीवर टाकावा आणि उन्हाळी सत्रापुरता प्रवेश द्यावा. त्यानुसार अल्मा स्टोन ही पियानोवादक तरुणी १९४४ च्या संगीत सत्रात दाखल झाली. दक्षिणेतील गोऱ्यांच्या महाविद्यालयात शिकलेल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ती एक होय. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून दहा वर्षे होती.

'उन्हाळ्यापुरते' हा शब्द येथे बारकाईने वाचावा लागतो. त्यात भित्रेपणा आहे यात शंका नाही. नियमित सत्र म्हणजे संस्थेचे खरे घर आणि उन्हाळा म्हणजे ओसरी. ओसरीवर कोणालाही बसू द्यावे, माजघरात नको, असा त्याचा ध्वनी आहे. भारतीय वाचकाला ही ओसरी आणि हे माजघर परके वाटण्याचे कारण नाही. परंतु ओसरीवर एकदा बसलेल्याला पुन्हा अंगणात पाठवणे सोपे नसते. पुढच्याच उन्हाळ्यात, १९४५ मध्ये, टेनर गायक रोलंड हेस आणि गायिका कॅरल ब्राइस हे कृष्णवर्णीय कलावंत पाहुणे म्हणून आले. हेस यांच्या मैफलीला गोरे आणि कृष्णवर्णीय श्रोते आले आणि त्यांच्या जागा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या. १९४६ च्या उन्हाळ्यात चित्रकार जेकब लॉरेन्स शिकवायला आले, तेव्हा प्रवासात त्यांना आणि त्यांच्या पत्नीला वेगळ्या डब्यात बसावे लागू नये यासाठी आल्बर्स यांनी रेल्वेच्या खाजगी डब्याची व्यवस्था केली. आवाराबाहेर जवळच्या अॅशव्हिल शहरात जाणे मात्र या दांपत्याने टाळले. मैफल आवारात होती, पण मैफलीतील बसण्याची रीत आवाराबाहेरच्या जगाशी थेट भांडत होती. हेस यांनी काय गायले आणि कसे गायले याची चर्चा करणाऱ्याने त्यांच्यासमोर कोण कोणाशेजारी बसले होते हेही सांगितले पाहिजे. त्या संध्याकाळच्या आशयाचा तो भाग होता.

१९४८ : सातीची बाजू

जॉन केज आणि नर्तक मर्स कनिंगहॅम १९४८ च्या एप्रिलमध्ये प्रथम ब्लॅक माउंटनला आले. महाविद्यालयाकडे मानधनासाठी पैसे नव्हते. निघण्याच्या वेळी मोटारीखाली विद्यार्थी-अध्यापकांनी ठेवलेल्या भेटवस्तूंचा ढीग त्यांना दिसला, ही आठवण केज यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. आल्बर्स यांनी दोघांना उन्हाळी सत्रासाठी पुन्हा बोलावले. त्या उन्हाळ्यातील पाहुण्यांमध्ये चित्रकार विलेम डी कूनिंग, शिल्पकार रिचर्ड लिपोल्ड आणि तोवर फारसे कोणी गांभीर्याने न घेतलेले बकमिन्स्टर फुलर यांचा समावेश होता.

केज यांनी एरिक साती या फ्रेंच रचनाकाराच्या संगीताचा महोत्सव योजला. साती यांचे निधन १९२५ मध्ये झाले होते आणि अमेरिकेत त्यांची ओळख एक विनोदी, विक्षिप्त, दुय्यम प्रतिभेचा माणूस अशीच होती. रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या छोट्या मैफली, अशी एकंदर पंचवीस सत्रे झाली. काही भोजनगृहात झाली, तर काही वेळा केज आपल्या निवासात पियानो वाजवीत आणि श्रोते बाहेर हिरवळीवर बसून खिडकीतून ऐकत. वादनापूर्वी थोडे बोलण्याचा परिपाठ होता. मैफलीचा हा घाट साती यांच्या लहान, अनाग्रही रचनांना अनुरूप होता. मोठे सभागृह आणि पूर्ण संध्याकाळ दिली असती, तर त्या रचना उघड्या पडल्या असत्या.

या मालिकेतील एका व्याख्यानाने आवारात वादळ उठवले. साती यांच्या बचावाच्या निमित्ताने केज यांनी बेथोव्हेनवर हल्ला चढवला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : नादाला उंची, गुण, प्रबलता आणि कालमान ही चार अंगे असतात, शांततेला मात्र कालमान हे एकच अंग असते. संगीत नाद आणि शांतता या दोहोंनी बनते, म्हणून रचनेचा सांगाडा या दोहोंना समान असलेल्या कालमानावर उभा राहिला पाहिजे. बेथोव्हेनने तो स्वरसंवादावर, म्हणजे हार्मनीवर उभा केला आणि पुढच्या पिढ्यांना चुकीच्या वाटेने नेले. साती आणि वेबर्न यांनी तो पुन्हा कालमानावर आणला. याच ओघात केज यांनी भारतीय तालाचा दाखला दिला. लयबद्ध रचनेची ही जाण भारतात ताल या नावाने पूर्वापार आहे, पाश्चात्त्यांना मात्र ती नवी कल्पना वाटते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

जर्मन संगीतपरंपरेत वाढलेल्या, त्या परंपरेसकट देशोधडीला लागलेल्या अध्यापकांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना हे ऐकून संताप आला असल्यास नवल नाही. ज्यांचे घर गेले होते त्यांच्यापाशी बेथोव्हेन उरला होता. वक्त्याने तोही काढून घेतला. चारच वर्षांपूर्वी ज्या आवारात शोएनबर्ग यांचा गौरव झाला तेथे हे बोलणारा माणूस स्वतः शोएनबर्ग यांच्या वर्गात बसलेला होता, ही गोष्ट कडवटपणात भर घालणारीच होती.

केज यांचा युक्तिवाद आकर्षक असला तरी निर्दोष नाही. नाद आणि शांतता यांच्यात एकच अंग समान आहे, एवढ्यावरून रचनेचा आधार केवळ तेच अंग असले पाहिजे असे सिद्ध होत नाही. दोन माणसांत उंची हे एकच परिमाण समान निघाले म्हणून त्यांचा स्वभाव उंचीवरून ठरवता येत नाही. शिवाय ज्या तालाचा दाखला केज देतात तो भारतीय संगीतात एकटा कधीच नसतो. विलंबित ख्यालाचे आवर्तन काळाचा आराखडा देते हे खरे. पण गायक समेवर येतो तेव्हा केवळ मात्रांची संख्या पूर्ण होत नाही, तर रागाच्या चलनातून स्वरालाही तेथे येण्याचे कारण निर्माण झालेले असते. काळाची सम आणि स्वराची सम एकत्र पडते, म्हणून श्रोत्याची मान हलते. केज यांनी ताल उचलला आणि राग तेथेच सोडला. त्या सभेत एखादा हिंदुस्थानी संगीताचा जाणकार असता, तर बेथोव्हेनचा बचाव त्याने जर्मनांपेक्षा अधिक चांगला केला असता.

पण या व्याख्यानाचे मूल्य त्याच्या बरोबर असण्यात नाही. ते चूक ठरवता येते यात आहे. वक्त्याने एक विधान केले, त्याला कारणे दिली, आणि त्या विधानाचा पुरावा म्हणून त्याच उन्हाळ्यात पंचवीस वेळा वाजवूनही दाखवले. श्रोत्याला व्याख्यान ऐकून मैफलीत जाता येत होते आणि मैफल ऐकून व्याख्यानावर चिडता येत होते. (आपल्याकडील बहुतेक समारंभांत आभारप्रदर्शनाला वेळ उरतो, प्रश्नांना उरत नाही.)

रसविचाराचा धागा

केज यांच्याकडे तालाचा हा संदर्भ आला कोठून, हे भारतीय वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. भारतीय संगीतावर होणाऱ्या पाश्चात्त्य प्रभावाने त्या अस्वस्थ होत्या आणि तो प्रभाव नीट समजून घ्यावा या हेतूने त्या केज यांच्याकडे शिकू लागल्या. मोबदल्यात त्यांनी केज यांना भारतीय संगीत आणि त्यामागील विचार शिकवला. निरोप घेताना त्यांनी रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचा ग्रंथ त्यांना भेट दिला. याच सुमारास केज आनंद कुमारस्वामी यांचे लेखन वाचत होते. एप्रिल १९४८ मध्ये ब्लॅक माउंटनला त्यांनी जे वाजवले ते 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स', म्हणजे सोळा सोनाटा आणि चार मध्यांतरे यांची मालिका, या वाचनातून आकाराला आली होती. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे बसवून त्याचा नाद पालटलेला. आणि आशय म्हणून भारतीय परंपरेतील स्थायी भाव आणि त्या सर्वांना सामावणारा शांत, असे रचनाकाराचे निवेदन होते.

कोणता तुकडा शृंगाराचा, कोणता भयानकाचा, हे मात्र केज यांनी सांगितले नाही. संगीतसमीक्षक याला गूढता मानतात. रससिद्धान्ताच्या दृष्टीने ती एक अडचण आहे. भरताच्या सूत्रात स्थायी भाव परस्पर प्रकट होत नाही. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, आणि अभिनवगुप्तांच्या विवेचनानुसार ती सहृदयाच्या ठिकाणी होते. विभाव काढून टाकला तर भाव कशाच्या आधाराने जागा व्हावा? केज यांनी भावांची यादी घेतली आणि त्यांच्या जागे होण्याची प्रक्रिया सोडून दिली. रचना तरीही सुंदर आहे. पण तिचे सौंदर्य त्या निवेदनावर अवलंबून नाही. नवरसांचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर पाहून भारतीय समीक्षकाने हुरळून जाण्याचे कारण नाही, आणि परक्याने उसनवारी केली म्हणून रागावण्याचेही नाही. 'सहृदय' या कल्पनेचा उपयोग पुढे १९५२ च्या प्रयोगाचा विचार करताना होणार आहे, म्हणून हा धागा येथे नोंदवला.

मेद्यूझचा सापळा

साती महोत्सवाचा शेवट १४ ऑगस्ट १९४८ रोजी भोजनगृहात झालेल्या एका नाट्यप्रयोगाने झाला. साती यांनी १९१३ मध्ये लिहिलेले हे छोटे प्रहसन कवयित्री आणि अध्यापिका एम. सी. रिचर्ड्स यांनी इंग्रजीत आणले. बॅरन मेद्यूझ हा विक्षिप्त धनिक, त्याची मुलगी फ्रिझेट, तिला मागणी घालायला आलेला तरुण, मालकाशी बरोबरीच्या नात्याने बोलणारा नोकर, आणि मधूनमधून उठून नाचणारे एक यांत्रिक माकड, एवढाच त्याचा संसार. जावई पारखण्यासाठी बॅरन एक सापळा लावतो : तुला एका डोळ्यावर नाचता येते का, असा प्रश्न तो विचारतो. तरुण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो आणि पसंत पडतो.

पात्रयोजना आज वाचताना अविश्वसनीय वाटते. बॅरनच्या भूमिकेत फुलर, मुलीच्या भूमिकेत चित्रकार इलेन डी कूनिंग, माकडाच्या भूमिकेत कनिंगहॅम, पियानोवर केज, नेपथ्य विलेम डी कूनिंग यांचे. दिग्दर्शन अंतिमतः आर्थर पेन या विद्यार्थ्याकडे आले. युद्धावरून परतलेला हा तरुण पुढे १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड' या चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणून जगाला माहीत झाला. परंतु त्या संध्याकाळी यांपैकी जवळजवळ कोणीच प्रसिद्ध नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर या प्रयोगाचे वर्णन नामावळीपुरते उरते.

तालमीत अडचण आली ती फुलर यांची. रंगमंचावर त्यांना संकोच वाटत होता. आपण हास्यास्पद दिसू या भीतीने ते आखडून गेले. पेन यांनी त्यांना उड्या मारायला, जमिनीवर लोळायला, वेड्यासारखे वागायला लावले, आणि संकोच गेला. पुढील आयुष्यात तासन्‌तास व्याख्याने देणाऱ्या फुलर यांनी या अनुभवाचे ऋण मान्य केले आहे. पन्नाशीपार गेलेला पाहुणा अध्यापक विद्यार्थ्याकडून शिकतो, आणि तेही हास्यास्पद कसे व्हावे हे, अशी घटना नियमित सत्राच्या वेळापत्रकात बसत नाही.

या प्रसंगाला त्याच उन्हाळ्यातील दुसऱ्या एका प्रसंगाची पार्श्वभूमी आहे. फुलर यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अठ्ठेचाळीस फूट व्यासाचा अर्धगोलाकार घुमट उभारण्याचा प्रयत्न केला. साहित्य म्हणून खिडक्यांच्या पडद्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या होत्या, कारण त्याहून मजबूत साहित्य परवडत नव्हते. सर्वांसमक्ष पट्ट्या जोडल्या गेल्या आणि घुमट उठलाच नाही. आडवा पडलेला घुमट असे त्याचे नावही पडले. १९४९ च्या उन्हाळ्यात ते परत आले तेव्हा लहान आकाराचा घुमट उभा राहिला आणि त्याच्या सांगाड्याला लोंबकळून विद्यार्थ्यांनी त्याची ताकद पाहिली. फसलेला घुमट, चुकीचे पण ठाम व्याख्यान आणि नेमके साधलेले प्रहसन ही एकाच उन्हाळ्याची तीन अंगे आहेत. प्रत्येकात प्रेक्षकाला जमले किंवा जमले नाही, पटले किंवा पटले नाही, असे म्हणता येत होते. यश आणि अपयश यांचा निवाडा करण्याची जागा प्रेक्षकासाठी मोकळी होती.

१९५२ : सारख्याच चांगल्या जागा

आल्बर्स दांपत्याने १९४९ मध्ये महाविद्यालय सोडले. १९५१ पासून सूत्रे कवी चार्ल्स ओल्सन यांच्या हाती आली. आर्थिक स्थिती खालावत होती, विद्यार्थी थोडे होते. १९५२ च्या उन्हाळ्यात केज, कनिंगहॅम आणि पियानोवादक डेव्हिड ट्युडर पुन्हा आले. फ्रेंच नाट्यविचारवंत आंतोनाँ आर्तो यांचे लेखन या वर्तुळात उत्साहाने वाचले जात होते. रिचर्ड्स यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद पुढे १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. नाटक संहितेच्या दास्यातून मुक्त व्हावे आणि प्रेक्षक घटनेच्या मध्यभागी असावा, या आर्तो यांच्या आग्रहाचा ठसा त्या प्रयोगावर स्पष्ट आहे.

प्रयोग त्याच भोजनगृहात झाला. खुर्च्यांचे चार त्रिकोण केले होते. त्यांची टोके मध्याकडे होती आणि मधून वाटा सोडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर एक रिकामा पेला ठेवलेला. केज शिडीवर चढून व्याख्यान वाचत होते, ट्युडर पियानो वाजवीत होते, ओल्सन आणि रिचर्ड्स कविता वाचत होते, तरुण चित्रकार रॉबर्ट राउशनबर्ग जुन्या तबकड्या लावत होते आणि त्यांची पांढरी चित्रे वर टांगलेली होती, कनिंगहॅम वाटांमधून नाचत होते आणि एक कुत्रा त्यांच्यामागे धावत होता. प्रत्येकाला केवळ काळाचे कप्पे दिलेले. कप्प्यात काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. सुमारे पाऊण तासाने पेल्यांत कॉफी ओतण्यात आली. त्याच ऑगस्टच्या २९ तारखेला वुडस्टॉक येथे ट्युडर यांनी केज यांची प्रसिद्ध नि:शब्द रचना प्रथम सादर केली. या दोन घटनांतील नाते उघड आहे.

प्रयोगाचा प्रभाव नाकारण्यात अर्थ नाही. केज यांच्या न्यूयॉर्कमधील वर्गात बसलेल्या अॅलन कॅप्रो यांनी १९५९ मध्ये 'हॅपनिंग' हे नाव रूढ करणारा प्रयोग केला, आणि तेथून परफॉर्मन्स आर्टची वाट सुरू होते. व्याख्यान, मैफल आणि नाटक वेगळे का असावेत, हा प्रश्न रास्त होता आणि तो धाडसाने विचारला गेला. तरीही उत्तराची किंमत मोजली पाहिजे.

केज यांनी सांगितलेली एक आठवण येथे कळीची ठरते. योहाना यालोवेट्झ या प्रयोगाला सर्वांच्या आधी आल्या आणि सर्वांत चांगली जागा कोणती असे त्यांनी विचारले. सर्व जागा सारख्याच चांगल्या आहेत, असे उत्तर त्यांना मिळाले. योहाना या १९४४ च्या संगीत सत्राचे सूत्रधार हाइनरिख यालोवेट्झ यांच्या पत्नी. पती १९४६ मध्ये याच आवारात वारले, आणि त्या तेथेच शिकवत राहिल्या. ही आठवण सांगितली जाते ती नव्या रंगभूमीच्या लोकशाहीचे उदाहरण म्हणून. वाचताना मात्र त्या वृद्ध बाईंकडे लक्ष जाते. ज्या पिढीने संगीत ऐकण्याची शिस्त म्हणजे योग्य जागी बसून, पूर्ण लक्ष देऊन, रचनेचा मागोवा घेणे असे मानले, तिची ही प्रतिनिधी. तिचा प्रश्न गैरलागू नव्हता. तो त्या प्रयोगात गैरलागू करण्यात आला.

सात वर्षांपूर्वी हेस यांच्या मैफलीतही जागा सारख्या होत्या. तेथील समानतेला प्रतिपक्ष होता : दाराबाहेरचा कायदा आणि रूढी. म्हणून खुर्चीवर बसणे ही एक कृती होती. १९५२ मध्ये जागांची समानता ही रचनाकाराने दिलेली सोय आहे. तिच्यासमोर कोणीच उभे नाही. प्रत्येक प्रेक्षकाने वेगळे पाहिले, वेगळे ऐकले, आणि कोणाचेच पाहणे चूक ठरत नाही. सहृदयाची संकल्पना येथे अडखळते. साधारणीकरणासाठी सर्वांसमोर काहीतरी समान असावे लागते. व्यक्तिगत भावनेतून बाहेर पडून ज्या विभावाशी अनेकांनी एकरूप व्हायचे, तो विभावच येथे विखुरलेला आहे. केज यांना एकरूपता नकोच होती, हा बचाव प्रामाणिक आहे आणि तो मान्य करता येतो. परंतु एकरूपतेबरोबर विरोधाची शक्यताही गेली. शिडीवरून वाचलेल्या व्याख्यानाशी वाद घालायचा कसा, जर त्याच वेळी पियानो, कविता आणि कुत्रा चालू आहेत आणि व्याख्यान समजण्यासाठी वाचलेलेच नाही? १९४८ मध्ये बेथोव्हेनच्या बाजूने उठून उभे राहता येत होते. १९५२ मध्ये फार तर उठून बाहेर जाता येत होते.

याचा परिणाम नोंदींवरही झालेला दिसतो. केज यांनी त्या संध्याकाळी काय वाचले यावर एकमत नाही. कोणी माइस्टर एकहार्ट म्हणतात, कोणी झेन बौद्ध विचारावरील व्याख्यान, कोणी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा. शिडीवर कोण होते, कोणी कोठून वाचले, राउशनबर्ग यांची किती चित्रे होती, प्रयोग नेमका कोणत्या दिवशी झाला, याबाबत उपस्थितांच्या साक्षी परस्परांशी जुळत नाहीत. ड्युबरमन यांनी या विसंगती जशाच्या तशा ग्रंथात दिल्या, आणि तो त्यांच्या इतिहासलेखनाचा मोठा गुण आहे. नंतरच्या लेखकांनी मात्र या विसंगतीलाच प्रयोगाचे यश मानले. पुराव्याचा अभाव दंतकथेला पोषक ठरतो, आणि दंतकथेची समीक्षा होत नाही. तिचे केवळ पुनःकथन होते.

सातीवरील व्याख्यानाची संहिता मात्र उपलब्ध आहे. रिचर्ड कॉस्टेलानेट्झ यांनी १९७० मध्ये संपादित केलेल्या केजविषयक संग्रहात ती छापली गेली आणि संगीताचा कोणताही विद्यार्थी आज ती वाचून लेखकाशी कडाडून भांडू शकतो. १९५२ च्या प्रयोगाच्या आराखड्यापैकी जे हाती लागते ते चित्रप्रक्षेपक चालवणाऱ्यासाठीचे कालमानाचे एक पान. सोळाव्या मिनिटाला सुरू करावे आणि तेविसाव्या मिनिटापर्यंत हवे तसे चालवावे, अशा आशयाच्या सूचना त्यावर आहेत. पडद्यावर काय दाखवायचे होते, हे त्या पानावर लिहिलेले नाही.